कृतिसंशोधनाची महाराष्ट्रातील पूर्वपीठिका

‘कृतिसंशोधन’ ही संज्ञा आपल्याकडे बाहेरून आली, याविषयी वाद नाही. कुर्ट लेविन याने १९४६ मध्ये ती सामाजिक प्रश्नांच्या संदर्भात मांडली. स्टीफन कोरी याने १९५३ च्या आपल्या ग्रंथात ती शाळेच्या दैनंदिन कामास लावली. ज्याला अडचण जाणवते त्यानेच तिचा शोध घ्यावा, उपाय योजावा आणि परिणाम पाहून तो पुन्हा तपासावा, हे या विचाराचे सार होय. १९६१ मध्ये राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद स्थापन झाली आणि त्याच्या प्रसारास भारतात संस्थात्मक आधार लाभला.

तथापि संज्ञेचा इतिहास म्हणजे व्यवहाराचा इतिहास नव्हे. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. दलित वस्तीतील मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसताच बालवाडीच त्यांच्या अंगणात नेण्यात आली. पुढे केंद्र कोसबाडला गेल्यावर ताराबाई व अनुताई वाघ यांनी गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा चालविली. महागड्या माँटेसरी साधनांची जागा शिंपले, बिया व खडे यांनी घेतली. पहिली योजना फसली हे मान्य करण्यापासूनच या प्रयोगांचा आरंभ झाला, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे.

चित्रा नाईक यांच्या नेतृत्वाखाली भारतीय शिक्षण संस्थेने १९७९ मध्ये पुणे जिल्ह्यातील खेड्यांत जो प्रकल्प हाती घेतला, त्याने मात्र कृतिसंशोधन हे नाव उघडपणे धारण केले. दिवसा काम करणाऱ्या मुलांसाठी सायंकाळचे वर्ग आणि गावातीलच शिक्षक, ही त्याची वैशिष्ट्ये होती. येथे प्रश्न संस्थेने मांडला, बोर्डीला तो प्रत्यक्ष शिकविणाऱ्यांपुढे उभा राहिला होता. हा भेद लहान नाही.

बारामती व इंदापूर या तालुक्यांत या भेदाचे महत्त्व विशेष जाणवते. मूळच्या अवर्षणप्रवण प्रदेशात नीरा डाव्या कालव्याने बागायत आणली. वालचंदनगर, माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर येथे साखर कारखाने उभे राहिले. गळीत हंगामात बीडसारख्या जिल्ह्यांतून ऊसतोडणी कुटुंबांबरोबर मुले येतात. मूळ गावच्या पटावर असे मूल गैरहजर असते, आणि येथील पटावर बहुधा त्याचे नावच नसते. जिरायत गावातील गळती व तोडणीच्या तळावरील गळती यांची कारणे भिन्न आहेत. ती तेथील शिक्षकालाच प्रथम दिसतात.

आज कृतिसंशोधन अध्यापक-शिक्षणाच्या अभ्यासक्रमात स्थिरावले आहे. पूर्वचाचणी, उपाय, उत्तरचाचणी आणि ठरलेली ‘प्रगती’ एवढ्यावर ते थांबते, तेव्हा फसलेल्या उपायाची नोंद कोठेच उरत नाही. बोर्डीच्या कार्यकर्त्यांनी ती दडविली असती, तर अंगणवाडी जन्मालाच आली नसती. म्हणून विद्यार्थ्यांच्या प्रबंधिकांत अपयशाच्या प्रामाणिक नोंदीस स्थान देणे, हा या इतिहासाचा पहिला बोध मानावा लागेल.