बाकावरचा गोलकीपर अध्यक्ष होतो तेव्हा

शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजीची मॅच ज्यांनी पाहिली आहे, त्यांना वेगळं सांगायला नको. फॉरवर्डने तीन चान्स घालवले तरी रात्री कट्ट्यावर विषय निघतो तो गोलकीपरच्या हातातून सुटलेल्या एका बॉलचा. नव्वद मिनिटं सगळं मैदान बघायचं आणि शेवटी शिव्या आपणच खायच्या. अशा माणसाचं खेळ सुटल्यावर काय होतं? आजचा एपिसोड त्यावर आहे.

कल्याण चौबे हे नाव ऐकलंय? टाटा फुटबॉल अकादमीत तयार झालेला गोलकीपर. मोहन बागान आणि ईस्ट बंगाल, कोलकात्याच्या दोन्ही मोठ्या क्लबांकडून खेळला. म्हणजे आपल्याकडे एखादा पोरगा पाटाकडील आणि शिवाजी दोन्हींकडून खेळल्यासारखं. वयोगटाच्या स्पर्धांत तो भारताकडून उतरला. सीनियर संघात मात्र काही वेळा निवड होऊनही प्रत्यक्ष खेळायला मिळालं नाही. बाकावर बसणं म्हणजे काय, हे त्याला चांगलंच माहीत असणार.

आता २०२२ मध्ये या. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचे अध्यक्ष होते आपल्या महाराष्ट्रातले प्रफुल्ल पटेल. त्यांची मुदत डिसेंबर २०२० मध्येच संपली होती, पण निवडणूक काही होईना. शेवटी मे २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यांना हटवून तीन जणांची प्रशासक समिती नेमली. बाहेरच्यांनी कारभार हातात घेणं फिफाच्या नियमात बसत नाही. ऑगस्टच्या मध्यावर फिफाने भारतावर थेट बंदी घातली.

बंदीचा फटका कोणाला बसला, ते लक्षात ठेवा. खुर्चीवरच्या कोणालाही नाही. गोकुलम केरळच्या मुली आशियाई क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला पोचल्या होत्या. बॅगा भरून गेल्या आणि एकही मॅच न खेळता परत आल्या. ऑक्टोबरमधला मुलींचा १७ वर्षांखालील वर्ल्ड कप भुवनेश्वर, मडगाव आणि नवी मुंबईत व्हायचा होता, तोही जाण्याच्या बेतात होता. अकरा दिवसांत बंदी उठली म्हणून वाचला.

२ सप्टेंबरला निवडणूक झाली. एका बाजूला बायचुंग भुतिया, भारताचा माजी कॅप्टन, सगळ्या देशाला माहीत असलेला चेहरा. दुसऱ्या बाजूला चौबे, एकेकाळचा त्याचाच ईस्ट बंगालमधला सहकारी. पब्लिकने मतदान केलं असतं तर निकाल सांगायला ज्योतिषी लागला नसता. पण मतं होती राज्य संघटनांची, एकूण ३४. नामवंत माजी खेळाडूंनाही मत द्यायचं असं आधी ठरत होतं, पण फिफाच्या आक्षेपानंतर ते बारगळलं. चौबे बंगालचे, पण त्यांचं नाव सुचवलं गुजरातने. ते २०१९ ची लोकसभा आणि २०२१ ची विधानसभा भाजपकडून लढून हरलेले होते, त्यामुळे राजकारणाच्या खोल्या त्यांना नवीन नव्हत्या. निकाल लागला ३३ विरुद्ध १. आणि महासंघाच्या इतिहासात पहिल्यांदा एक खेळाडू अध्यक्ष झाला.

त्याच दिवशी आलेल्या कार्यकारिणीत एक नाव आपल्या घरचं होतं, मालोजीराजे छत्रपती. ते के.एस.ए.चे अध्यक्ष. ही के.एस.ए. १९४० पासूनची, आणि ती राज्यात वायफाला जोडलेली. वायफा म्हणजे वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन, १९११ ची. आपल्या पेठेतल्या पोराला राज्याच्या संघापर्यंत जायचं तर वाट तिथूनच जाते. गंमत म्हणजे या वायफाचा सीईओसुद्धा एक गोलकीपरच होता, भारताचा माजी गोलकीपर हेन्री मेनेझिस. २००७ मध्ये मुंबई एफसी हा क्लब निघाला, तेव्हा त्याच्या मॅनेजमेंटमध्ये हाच माणूस होता. पुढच्याच वर्षी क्लब आय-लीगमध्ये पोचला. त्याच क्लबचा खालिद जमील नंतर ऑगस्ट २०२५ मध्ये भारताचा कोच झाला.

जगातही हे दिसतं. व्हॅन डर सार आयाक्सचा सीईओ झाला. ऑलिव्हर कान बायर्नचा सीईओ झाला, आणि मे २०२३ मध्ये क्लबने लीग जिंकली त्याच दिवशी त्याला काढल्याची बातमी आली. कप हातात आणि नोकरी गेलेली! मागून सगळं मैदान बघायची सवय ऑफिसात कामाला येत असेल, असं म्हणतात. मला ते अर्धंच पटतं. कारण ऑफिसात बॉल कुठून येतोय तेच दिसत नाही.

चौबेंचंच बघा. जुलै २०२३ मध्ये भारत फिफा रँकिंगमध्ये ९९ वर होता. जुलै २०२५ मध्ये १३३ वर. कोच स्टिमॅकला ऑक्टोबर २०२३ मध्ये २०२६ पर्यंत मुदतवाढ दिली आणि जून २०२४ मध्ये काढून टाकलं. २०१० साली १५ वर्षांसाठी केलेला व्यावसायिक हक्कांचा करार डिसेंबर २०२५ मध्ये संपणार, हे कॅलेंडरवर सगळ्यांना दिसत होतं. तरी नवा करार वेळेत झाला नाही आणि जुलै २०२५ मध्ये आयएसएल थांबली. करार चौबेंच्या आधीचा, हे खरं. कोर्टातला खटलाही अडकलेला होता, हेही खरं. पण लांबून येणारा बॉल होता तो, भावा. आणि पगार अडकायची वेळ आली ती खेळणाऱ्या पोरांवर.

अनिकेत जाधव कोल्हापुरातून निघून २०१७ चा १७ वर्षांखालील वर्ल्ड कप खेळला, तेव्हा आपण सगळे टीव्हीसमोर होतो. महासंघाच्या निवडणुकीचा निकाल मात्र आपल्यापैकी कितीजणांनी बघितला होता? खरं सांगतो, मी पण नाही. नंतर वाचला.

तुमच्या तालमीचा जुना गोलकीपर आज काय करतो? रिक्षा चालवतो, पोरांना शिकवतो, की कमिटीवर आहे? व्हॉइस नोट पाठवा. मिनिटाभराचीच ठेवा, मागच्या वेळी एकाने सतरा मिनिटांची पाठवली होती.