बाटली कुलपात असते

साल १९५२, श्रावण. गिरगावातल्या एका चाळीच्या जिन्याखाली तुम्ही उकिडवे बसला आहात. आधी नाकात शिरतो स्पिरिटचा उग्र वास, त्याच्या मागून सागवानी भुशाचा. पुढ्यात कोरा चौरंग. गणपती पंधरा दिवसांवर आलेत.

"आलात? धरा हे," मिस्त्री मान वर न करताच म्हणतात.

हातात झिजलेला काचपेपर येतो. लाकडाच्या रेषेनं घासा, आडवं नको. आडवा ओरखडा आता दिसत नाही. पॉलिश चढलं की पहिला तोच दिसतो.

मिस्त्री कनवटीची किल्ली काढून पेटी उघडतात. आतून बाटली निघते. मुंबईत दारूबंदी आहे, मोरारजीभाई यंदाच मुख्यमंत्री झालेत, आणि गल्लीतल्या दोघातिघांना चौरंगापेक्षा या बाटलीत जास्त रस आहे. "डोळे जातील मेल्यांचे!" मिस्त्री पुटपुटतात. खरंच जातात. कुणी पिऊ नये म्हणून या स्पिरिटमध्ये विष मुद्दाम घातलेलं असतं.

बाटलीत रात्रभर भिजलेली लाखेची चपडी. उरलेला तुकडा उजेडात धरून बघा. मधाच्या रंगाचा, काचेसारखा ठिसूळ. छोटा नागपूरकडे पळसाच्या, कुसुमाच्या फांद्यांवर बारीक किड्यांनी स्वतःभोवती बांधलेलं हे घर. ते खरवडून, धुऊन, कापडी पिशवीत भरून विस्तवापुढे पिळतात. मग कारागीर तो ऊन पापुद्रा हातांत, पायांच्या बोटांत आणि दातांत धरून ताणतो. दातांत! यावर देव बसणार, मग सोवळ्याचं काय, हा प्रश्न तुम्ही गिळता.

आता पुरचुंडी. आत कापूस, वर जुन्या धोतराचं मऊ फडकं, बुडाला जवसाच्या तेलाचा एकच थेंब. हात गोल फिरतो, मग इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा. थांबायचं नाही. तुम्ही थांबता, कारण वरच्या मजल्यावर 'अमर भूपाळी' सिनेमाच्या गाण्यांची तबकडी लागली आहे. (तीही लाखेचीच, दगडाची भुकटी आणि काजळी घालून केलेली.) क्षणभरच, पण पुरचुंडी चिकटते आणि उचलताना खालचा थरही उचकटते. नव्या थरातलं स्पिरिट जुन्याला विरघळवतं, म्हणून तर सगळे थर एकजीव होतात. मिस्त्री रागावत नाहीत. त्याच स्पिरिटचा हलका हात फिरवून ते व्रण बुजवतात.

दुपारी सर येते आणि बघता बघता चौरंगावर दुधट सावट धरतं. हवेतला ओलावा थरात अडकला. मुंबईच्या श्रावणात लाखेचं पॉलिश करणं हा निव्वळ आडमुठेपणा आहे, असं माझं मत. पण गणपती पुढे ढकलता येत नाहीत.

"राहू द्या. उद्या ऊन पडलं तर बघू."

मिस्त्री बाटलीला बूच लावतात, पेटीला कुलूप घालतात, एकदा ओढून बघतात. १९४९च्या दारूबंदी कायद्यात फ्रेंच पॉलिशचं, म्हणजे याच लाखेच्या पॉलिशचं, नाव आजही आहे.