गृहपाठातलं ‘गृह’

गृहपाठ कुणी शोधून काढला, असं इंटरनेटवर विचारलंत तर रॉबर्टो नेव्हिलिस नावाच्या एका इटालियन शिक्षकाचं नाव समोर येतं. साल कुठे १९०५ दिलेलं असतं, कुठे चक्क १०९५! असा कुणी माणूस होऊन गेल्याचा काहीही पुरावा नाही. तेव्हा मंडळी, ते नाव आपण सोडून देऊ आणि जरा जवळून सुरुवात करू.

तत्त्वज्ञानाच्या माणसाला शब्दापाशी अडायची खोड असते. ‘गृहपाठ’ या शब्दातला पाठ शिक्षक देतात, पण गृह कोण देतं? मुलांवरचा ताण कमी कसा करावा, हा शिक्षकांचा प्रश्न आम्हाला या दुसऱ्या प्रश्नातूनच सुटेलसा वाटतो.

आपल्याकडे गृहपाठाच्या आधी परवचा होता. तिन्हीसांजेला देवापुढे दिवा लागला की मुलं हातपाय धुऊन बसायची. शुभंकरोती झालं, तिथी-वार-नक्षत्रं झाली, की पाढे. आणि पाढ्यांच्या पुढे पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी. म्हणायचं ते मोठ्यानं आणि सगळ्यांनी मिळून. आजी वाती वळता वळता ऐकायची. कुणी चुकलं तर तिथल्या तिथे दुरुस्त व्हायचं. परवचा संपला की संपला. सकाळी पंतोजींना दाखवायची वही नव्हती. पंतोजींची छडी होतीच, पण ती शाळेतल्या चुकांसाठी. आता, यात समजणं किती आणि घोकणं किती, हा वाद घालता येईल. घोकणंच जास्त होतं, असं आमचं मत आहे. पण मूल एकटं नव्हतं आणि अभ्यासाला शेवट होता, या दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवा.

आणि तिसरीही. हे घर होतं कुणाचं? ज्या घरात अक्षर पिढ्यान्‌पिढ्या नांदत होतं, त्यांचं. बाकीच्यांच्या घरी तिन्हीसांजेला गुरं बांधायची असत, पाणी भरायचं असे. १८८२ साली जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिलं, त्यात त्यांचं गाऱ्हाणं हेच होतं, की रयतेच्या घामातून आलेला पैसा वरच्या वर्गांच्या शिक्षणावर खर्च होतो. बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, असं त्यांनी मागितलं.

मधल्या काळात शाळा बदलली होती. १८५५ मध्ये मुंबई इलाख्यात सरकारी शिक्षण खातं आलं. त्याच्याबरोबर ठरलेली क्रमिक पुस्तकं आली, परीक्षा आल्या, आणि गावाच्या तोंडचे ‘दिपोटी’साहेब तपासणीला येऊ लागले. पुढे निकाल पाहून अनुदान द्यायची पद्धतही आली. निकालाचं ओझं मास्तरांवर पडलं, आणि मास्तरांनी ते थोडं मुलाच्या दप्तरात घातलं. शाळेच्या वेळात न उरकलेलं घरी गेलं. परवचाला ऐकणारं माणूस लागायचं. नव्या घरच्या अभ्यासाला तपासणारं लागतं. फरक एवढाच दिसतो, पण सगळी भीती त्या फरकात आहे.

हे ओझं पेलेल असं घर ज्यांना नव्हतं, त्यांचं काय? शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, हे आपण सगळे सांगतो. पण त्याच्या कितीतरी आधी, १९०१ पासून, त्यांनी वसतिगृहं उभी करायला सुरुवात केली होती. कर्मवीर भाऊरावांनी १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढलं, १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याचं ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग’ असं नामकरण झालं. निरनिराळ्या जातींची मुलं तिथे एकत्र राहात, जेवत, काम करत आणि शिकत. याकडे आपण समाजसुधारणा म्हणून पाहतो, ते बरोबरच आहे. आम्ही त्याला आणखी एक नाव देऊ. गृहपाठाच्या प्रश्नाला महाराष्ट्रानं दिलेलं हे सर्वांत गंभीर उत्तर आहे: पाठ नंतर, आधी गृह.

बंदी हा सोपा मार्ग. कॅलिफोर्नियानं १९०१ साली पंधरा वर्षांखालच्या मुलांना घरचा अभ्यास सक्तीनं द्यायचा नाही असा कायदा केला. १९१७ पर्यंत तो टिकला, मग गेला.

आपल्याकडे १९८९ मध्ये राज्यसभेत आर. के. नारायण दप्तराच्या ओझ्यानं वाकलेल्या मुलांविषयी बोलले. पुढे प्रा. यशपाल यांची समिती नेमली गेली, तिचा अहवाल १९९३ चा. दप्तराच्या वजनापेक्षा न समजण्याचं ओझं जास्त घातक, हे त्या अहवालाचं मर्म. प्राथमिक वर्गांना घराच्या परिसरातला शोध सोडून दुसरा गृहपाठ नको, वरच्या वर्गांना गरजच असेल तर पाठ्यपुस्तकाबाहेरचा द्या, असं समितीनं सांगितलं. २०२० च्या दप्तर-धोरणानं तासच मोजून दिले: दुसरीपर्यंत काही नाही, तिसरी ते पाचवी आठवड्याला जास्तीत जास्त २ तास, सहावी ते आठवी रोज १ तास, नववीपासून रोज २ तास.

पण तास कमी केले म्हणून न समजलेलं समजत नाही. पहिलंच गणित अडलं तर वीस मिनिटंसुद्धा रडवतात. म्हणून आम्ही शिक्षकांना म्हणू, गृहपाठाची सुरुवात वर्गातच होऊ द्या. शेवटची दहा मिनिटं राखून पहिलं उदाहरण सगळ्यांकडून तुमच्या डोळ्यांदेखत सुटू द्या. जे सुटलं नाही ते घरी पाठवू नका, उद्या पुन्हा शिकवा. ‘दहा वेळा लिहून आणा’ ही शिक्षा आहे, तिला अभ्यास म्हणू नका. सकाळी वही मागण्याआधी ‘कुठे अडलं?’ एवढं विचारा. आणि ज्यांच्या घरी एकच खोली आणि टीव्ही चालू, त्यांच्यासाठी शाळेतली एक खोली संध्याकाळी तासभर अभ्यासिका म्हणून उघडी ठेवता येते का, तेही पाहा. शिकवायला कुणी नसलं तरी चालेल, बसायला जागा आणि सोबत हवी.

यशपालांनी म्हटलेला तो घरातला शोध कसा असतो, विचाराल तर एक उदाहरण. चौथीच्या मुलांना सांगा, चिपटं, मापटं, शेर, पायली ही मापं घरात कुणाला माहीत आहेत ते विचारून या. ज्या आजीला अक्षर येत नाही, ती इथे सांगणारी होते. दुसऱ्या दिवशी वर्गात उत्तरं सारखी येणार नाहीत, कारण ही मापं गावोगाव वेगळी होती. मग कुणाचं बरोबर, यावरून वाद होईल, आणि गणिताचा तास तिथून सुरू करता येईल.