माथेरान : पायवाटा, मोटारबंदी आणि ई-रिक्षा

रायगड जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवर वसलेले माथेरान हे मोटारींना मज्जाव असलेले गिरिस्थान म्हणून ओळखले जाते. ठाण्याचे तत्कालीन जिल्हाधिकारी ह्यू मॅलेट यांनी १८५० मध्ये हे ठिकाण प्रकाशात आणले. १९०७ मध्ये नेरळहून मिनी ट्रेन सुरू झाली. नेरळहून घाटरस्त्याने येणारी वाहने दस्तुरी नाक्यावरच थांबतात. तेथून पुढे पायी, घोड्यावर किंवा हातरिक्षाने जायचे, हा येथील जुना रिवाज आहे.

या रिवाजाला कायद्याचे भक्कम पाठबळ मिळाले ते फेब्रुवारी २००३ मध्ये. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने माथेरान व भोवतालचा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून अधिसूचित केला. नगरपरिषदेच्या हद्दीत रुग्णवाहिका व अग्निशमन वाहन यांनाच मोकळीक राहिली. जांभ्या दगडाची तांबडी माती आणि मुसळधार पाऊस यांमुळे येथील वाटांची धूप लवकर होते. बंदीमागचे हे कारण सयुक्तिक होते.

मात्र या नियमाची दुसरी बाजू माणसांच्या खांद्यावर होती. प्रवासी बसलेली हातरिक्षा चढउतारांच्या वाटेवरून माणसांनीच ओढायची, ही प्रथा त्यामुळे एकविसाव्या शतकातही टिकून राहिली. वृद्ध, आजारी आणि शाळकरी मुलांनाही दुसरा सोयीचा पर्याय नव्हता. ई-रिक्षा धूर सोडत नाही. तरीही कायद्याच्या दृष्टीने ती मोटार वाहनच ठरते. म्हणून तिला परवानगी देणे स्थानिक नगरपरिषदेच्या अखत्यारीत नव्हते.

अखेर प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. मे २०२२ मध्ये न्यायालयाने प्रायोगिक तत्त्वावर ई-रिक्षांना परवानगी दिली आणि डिसेंबर २०२२ मध्ये सात रिक्षांनिशी प्रयोग सुरू झाला. ई-रिक्षांमुळे आपला व्यवसाय बुडेल, अशी अश्वपालांची भीती होती. तर हातरिक्षाचालकांना या कष्टातून सुटका हवी होती. पुढे २०२४ मध्ये न्यायालयाने रिक्षांची संख्या २० पुरती मर्यादित ठेवली आणि त्या हातरिक्षाचालकांनाच मिळाव्यात, असा दंडक घातला.

६ ऑगस्ट २०२५ रोजी सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या अध्यक्षतेखालील खंडपीठाने हातरिक्षांची प्रथा मानवी प्रतिष्ठेला बाधक ठरवून ती सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. गुजरातमधील केवडिया येथील धर्तीवर राज्य शासनाने ई-रिक्षा खरेदी करून त्या खऱ्या हातरिक्षाचालकांना भाड्याने द्याव्यात आणि निधीचा अभाव ही सबब पुढे करू नये, असेही न्यायालयाने बजावले.

याच निकालात वाटांचाही विचार झाला. दस्तुरी नाका ते छत्रपती शिवाजी महाराज पुतळा या मुख्य मार्गावर पेव्हर ब्लॉक बसविण्यास मुभा मिळाली. परंतु अंतर्गत रस्ते व पायवाटांवर ते बसविण्यास मनाई करण्यात आली. रस्ता कोणासाठी आणि कोठपर्यंत खुला करावा, या प्रश्नाला माथेरानने दिलेले उत्तर असे दुहेरी आहे : मुख्य वाटेवर माणसाची प्रतिष्ठा जपायची आणि आतल्या वाटांवर मातीची.