गव्हाणीची खूण : ख्रिस्तजन्माची कथा, धर्मग्राम आणि मराठी

मराठीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’ची ओळख होते ती बहुधा प्राचीन वाङ्मयातील एक नवल म्हणून. एका इंग्रज जेज्विटाने मराठीत हजारो ओव्या रचल्या, मराठीची मुक्तकंठाने स्तुती केली आणि ग्रंथ रोमन लिपीत छापला, एवढ्या तीन गोष्टी परीक्षेपुरत्या पुरेशा ठरतात. हा ग्रंथ कोणासाठी आणि कोठे म्हटला जावा म्हणून लिहिला गेला, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. प्रस्तुत लेखात आम्हाला तो प्रश्न ख्रिस्तजन्माच्या कथेपुरता विचारायचा आहे. कॅथलिकांच्या धर्मग्रामात, म्हणजे एका चर्चभोवती वसलेल्या उपासकांच्या गावात, ही कथा दरवर्षी नव्याने जगली जाते. ती मराठीत कशी आली आणि मराठीत कशी टिकली, हा केवळ धर्मेतिहासाचा विषय नाही, वाङ्मयेतिहासाचाही आहे.

आधी मूळ कथेकडे पाहू. चार शुभवर्तमानांपैकी मार्क जन्माविषयी काहीच सांगत नाही आणि योहान थेट आदिशब्दापासून आरंभ करतो. जन्मकथा आहे ती मत्तय आणि लूक या दोघांकडे, आणि दोघांच्या कथा वेगळ्या आहेत. मत्तयाकडे तारा, पूर्वेकडील ज्ञानी, हेरोदाची क्रूर आज्ञा आणि मिसरदेशी पलायन आहे. लूककडे कैसर औगुस्ताची नावनिशी, बेथलेहेमचा प्रवास, गव्हाण आणि मेंढपाळ आहेत. ‘उतारशाळेत जागा नव्हती’ असे आपण ऐकत आलो आहोत. तेथे लूकने वापरलेला ‘काटालुमा’ हा ग्रीक शब्द पुढे शेवटच्या भोजनाच्या खोलीसाठीही येतो. म्हणजे तो पाहुण्यांच्या खोलीचा वाचकही असू शकतो. बैल आणि गाढव तर दोन्ही कथांत नाहीत. ते आले यशयाच्या ग्रंथारंभीच्या एका वचनातून, जेथे बैलाला आपला धनी कळतो आणि गाढवाला धन्याची गव्हाण, पण लोकांना मात्र काही कळत नाही, अशी तक्रार आहे.

लूकच्या कथेत मेंढपाळांना जी खूण दिली जाते ती विशेष लक्षात घ्यावी. आकाशात देवदूतांचे तेज आहे, पण बाळापाशी तेज नाही. बाळंत्यात गुंडाळलेले, गुरांच्या गव्हाणीत निजवलेले मूल, एवढीच खूण. ज्ञानियांच्या घरी जशी प्रत्येक मूल जन्मते तशीच ही गोष्ट, फक्त जागा तेवढी गुरांची.

या कथेला उपासनेत रूप मिळायला काही शतके लागली. 25 डिसेंबर या तिथीची जुनी नोंद रोममधील 354 सालच्या पंचांगात सापडते. पुढे जन्मोत्सवाच्या तीन मिस्सा रूढ झाल्या : मध्यरात्रीची, पहाटेची आणि दिवसाची. रात्रीच्या मिस्सेत गव्हाणीतील जन्म वाचला जातो, पहाटेच्या मिस्सेत मेंढपाळ बाळाला भेटून परततात आणि दिवसाच्या मिस्सेत योहानाचे ते गहन प्रास्ताविक येते, ज्यात शब्द देह धारण करतो. घटना, भेट आणि अर्थ असा हा क्रम आहे. त्याआधी चार रविवारांचा आगमनकाळ असतो. वेदीवर जांभळा रंग, गायनात संयम, मनात प्रतीक्षा. धर्मग्रामाच्या आध्यात्मिक जीवनाचा गाभा या प्रतीक्षेत आहे. नाताळच्या रोषणाईत तो शोधणाऱ्याला अर्धाच सापडतो.

आज घरोघर दिसणाऱ्या गोठ्याच्या देखाव्यामागे इटलीतील ग्रेच्चो हे डोंगरी गाव आहे. 1223 च्या नाताळात असिसीच्या संत फ्रान्सिसने तेथे गवत, गव्हाण, खरा बैल आणि खरे गाढव आणवले. थॉमस ऑफ चेलानो या त्याच्या पहिल्या चरित्रकाराने दिलेल्या वर्णनात त्या गव्हाणीवरच मिस्सा अर्पण झाली आणि फ्रान्सिसने शुभवर्तमान गाऊन प्रवचन केले. बेथलेहेम या हिब्रू नावाचा अर्थ ‘भाकरीचे घर’ असा होतो. जेथे गुरांचा चारा असतो तेथे निजलेले बाळ आणि वेदीवरची भाकर यांचा संबंध ग्रेच्चोच्या गावकऱ्यांना डोळ्यांनी दिसला. पोप फ्रान्सिस यांनी 1 डिसेंबर 2019 रोजी गोठ्याच्या देखाव्याविषयीचे आपले पत्र याच गावी जाऊन स्वाक्षरित केले.

आता साष्टीकडे वळू. स्टीफन्स 1579 च्या ऑक्टोबरात गोव्यास उतरले आणि 1619 मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांचे बहुतेक आयुष्य साष्टी प्रांतात गेले. ते येण्यापूर्वी, 1567 मध्ये, या प्रांतातील देवळे पाडली गेली होती. गोव्यात इन्क्विझिशन 1560 पासून चालू होते. नवख्रिस्ती झालेल्या गावकऱ्यांच्या हातून त्यांची जुनी पुराणे काढून घेतली गेली होती. ‘ख्रिस्तपुराणा’च्या आरंभी एक प्रसंग आहे. चर्चमध्ये ख्रिस्ती शिकवण चालू असताना एक ब्राह्मण उठून पाद्रीगुरूंना विचारतो, की आमची पूर्वीची पुराणे तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या जागी आम्हाला वाचायला तसेच काही का देत नाही? या प्रश्नात विनंती आहे आणि गाऱ्हाणेही आहे. ‘ख्रिस्तपुराण’ हे त्या प्रश्नाचे उत्तर म्हणून आपल्यासमोर येते.

येथे एक विसंगती टाळता येत नाही. ज्याला जन्मताना जागा मिळाली नाही, ज्याच्या आईबापांना सम्राटाच्या नावनिशीसाठी वाट तुडवावी लागली, त्याची कथा साष्टीत आली ती एका साम्राज्याच्या बळाबरोबर. केवळ भाषासौंदर्याचे कौतुक करून या विसंगतीला बगल देणे जसे योग्य नाही, तसेच केवळ बळजबरी सांगून पुढच्या चार शतकांची श्रद्धा खोटी ठरवणेही योग्य नाही. लोकांनी त्या कथेचे पुढे काय केले, हे पाहिल्याशिवाय निकाल देता येणार नाही.

1616 मध्ये रायतूर येथे छापलेल्या या ग्रंथाचे मूळ पोर्तुगीज शीर्षक ‘आपला तारणारा येशू ख्रिस्त याच्या जगात येण्याविषयीचे निरूपण’ अशा अर्थाचे आहे. ‘येणे’ हा शब्द शीर्षकातच आहे. पहिल्या पुराणात जुन्या कराराची कथा, म्हणजे युगानुयुगांची वाट पाहणे. दुसऱ्या पुराणात येणे, जगणे, मरणे आणि पुनरुत्थान. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा विस्तार आगमनकाळ आणि नाताळ यांच्याच आराखड्यावर उभा आहे, असे आम्हाला वाटते. भाषेविषयीही ग्रंथकाराची भूमिका स्पष्ट आहे : रचना मराठीत, पण सामान्य श्रोत्याला कळावी म्हणून कठीण शब्द टाळून तेथल्या बोलीतील, म्हणजे कोंकणीतील शब्द मिसळलेले. एकनाथांचे निर्वाण 1599 चे. देशी भाषेत देवकथा सांगण्याचा जो आग्रह पैठणास होता, त्याला समांतर असा एक आग्रह वेगळ्या कारणांनी साष्टीतही होता.

छंद ओवीचा, देवाला नाव वैकुंठीच्या राजाचे. अशा भाषेत जन्मकथा ऐकणाऱ्या पहिल्या पिढीच्या मनात दुसरी एक जन्मकथा जागी होत नसेल काय? मध्यरात्रीचा जन्म, बालकांच्या जिवावर उठलेला राजा, बाळाला घेऊन रातोरात केलेले प्रयाण, गुराख्यांचे सान्निध्य : भागवताच्या दशमस्कंधाशी परिचित असलेल्या कानांना हे अनोळखी वाटले नसणार. पण साम्य जेथे संपते तेथेच कथेचा अर्थ सुरू होतो. भागवतात देवकीला आधी चतुर्भुज रूप दिसते आणि मग देव बालरूप घेतो. गव्हाणीत असे आधीचे रूप दिसत नाही. बाळ पहिल्यापासून बाळच आहे. अवतार युगे युगे होतो, ख्रिस्ती देहधारण एकदाच. ओळखीच्या छंदात अनोळखी आशय सांगणे हे स्टीफन्स यांच्यापुढचे खरे वाङ्मयीन आव्हान होते, आणि ‘ख्रिस्तपुराण’ वाचताना तुलनेचा हा धागा हाती असावा.

ग्रंथाच्या 1649 आणि 1654 मध्ये पुढील आवृत्त्या निघाल्या. मग वारे फिरले. 1684 मध्ये गोव्याच्या व्हाइसरॉयने स्थानिक भाषा सोडून तीन वर्षांत पोर्तुगीज आत्मसात करावी, असा हुकूम काढला. आधी देवळे गेली, मग पुराणे गेली, आणि आता ज्या भाषेत नवे पुराण मिळाले होते ती भाषाही नकोशी झाली. पहिल्या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. तरी ग्रंथ उरला, कारण गोव्यातून दक्षिणेस कानडा किनाऱ्यावर गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी त्याची हस्तलिखिते जपली आणि तो घराघरांत गायला. टिपू सुलतानाने 1784 मध्ये या समाजाला श्रीरंगपट्टणास बंदिवासात नेले, तेव्हा याच पुराणाने त्यांना धीर दिला, असे परंपरा सांगते. 1907 मध्ये मंगळूर येथे जोसेफ साल्ढाणा यांनी छापलेली आवृत्ती अशा हस्तलिखितांवर उभी आहे, आणि देवनागरीत हा ग्रंथ आणला शांताराम बंडेलू यांनी, 1956 मध्ये. म्हणजे जो ग्रंथ सत्तेच्या छापखान्यात जन्मला तो वाचला मात्र श्रोत्यांच्या कंठात. वाङ्मयेतिहासात हस्तलिखितांची वंशावळ आपण आवडीने सांगतो. तिच्यात या अनाम गाणाऱ्यांचीही गणना व्हावी.

उत्तर कोकणातील वसईची कहाणी वेगळी, पण तिचा निष्कर्ष जवळचा आहे. 1534 मध्ये गुजरातच्या बहादूरशहाकडून वसई पोर्तुगीजांकडे गेली. 1739 च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी ती जिंकली. किल्ल्यातील चर्चे हळूहळू ओस पडून त्यांचे अवशेष झाले. साम्राज्याबरोबर आलेला धर्म साम्राज्याबरोबर जाईल, असे तर्काने वाटावे. तसे झाले नाही. बागायतीच्या गावांतील धर्मग्राम राहिले, तेथले ख्रिस्ती सामवेदी आणि वाडवळी बोलत राहिले, आणि सणाचे ‘नाताळ’ हे पोर्तुगीज नाव तर मराठीचेच झाले. बळ निघून गेल्यावरही जे उरते त्याला लादलेले म्हणता येत नाही.

वेदीवरची भाषा मात्र दीर्घकाळ लॅटिनच होती. 4 डिसेंबर 1963 रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनाविधीविषयीचा दस्तऐवज संमत केला आणि लोकभाषेला वेदीचे दार उघडले. मध्यरात्रीच्या मिस्सेत लूकची गव्हाण मराठीत वाचली जाऊ लागली, तेव्हा शेतकरी श्रोत्याला या शब्दाचा अर्थ सांगण्याची गरज नव्हती. गव्हाण त्याच्या गोठ्यात होती. 1998 मध्ये मुंबईपासून वेगळा होऊन वसई धर्मप्रांत झाला. त्याचे पहिले बिशप थॉमस डाबरे यांचा डॉक्टरेटचा विषय तुकारामांची ईश्वरानुभूती हा होता. ‘सुवार्ता’ मासिकाचे दीर्घकाळ संपादक राहिलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांना बायबलच्या मराठी अनुवादासाठी 2013 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. जानेवारी 2020 मध्ये उस्मानाबाद (आताचे धाराशिव) येथील अखिल भारतीय साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले तेव्हा काही मंडळींनी विरोध केला. धर्मगुरूचा आणि मराठी सारस्वताचा संबंध काय, असा त्यामागचा भाव होता. त्याचे उत्तर दिब्रिटो यांच्या जन्माआधी सव्वातीनशे वर्षे रायतूरला छापले गेले होते.

आमच्या मते ख्रिस्तजन्माच्या कथेचे आणि मराठी धर्मग्रामाचे नाते येथे स्पष्ट होते. देव देह धारण करतो, असे ही कथा म्हणते. देह म्हटला की काळ आला, गाव आले, आईची बोली आली. म्हणून ती कोणत्याही एका पवित्र भाषेत बंदिस्त राहू शकत नाही. जेथे जाईल तेथील गव्हाण तिला शोधावी लागते. साम्राज्याने आणलेली ती कथा साष्टीच्या, मंगळूरच्या आणि वसईच्या लोकांनी स्वतःच्या भाषेत गाऊन आपली केली. आणि हे करताना त्यांनी मराठीलाही एक दान दिले : अकरा हजार ओव्यांचे पुराण, मासिके, अनुवाद, आणि दर डिसेंबरात पहाटेपर्यंत जागणारी गाणी.

‘ख्रिस्तपुराणा’तील जन्माचा भाग वर्गात वाचताना तो व्याकरणाचा नमुना म्हणून फळ्यावर मांडण्याआधी एकदा मोठ्याने, ओवीच्या चालीवर म्हणून पाहावा. तो ऐकण्यासाठीच लिहिलेला आहे.