निळ्या पडद्यापुढचे मास्तर

एप्रिल २०१६. मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी येत होतं आणि देशभरचे कॅमेरे लातूर स्टेशनवर होते. त्याच महिन्यात जिल्ह्यातल्या एका कॉलेजच्या संगणक लॅबमध्ये मी तासिका तत्त्वावर शिकवत होतो. प्रॅक्टिकल परीक्षा आठवड्यावर आली होती. बी.एस्सी.चा एक मुलगा मोबाईल हातात धरून टेबलाशी आला.

"सर, तुमचा प्रोग्राम मोबाईलवर चालंना की."

मी फळ्यावर लिहिलेला सी प्लस प्लसचा प्रोग्राम त्याने फोनवरच्या कंपायलरमध्ये जसाच्या तसा टाकला होता. पहिल्याच ओळीला एरर. 'आयओस्ट्रीम डॉट एच' नावाची फाईलच सापडत नाही. ती ओळ दुरुस्त केली, तर 'व्हॉइड मेन' चालत नाही. तेही बदललं, तर पडदा पुसायची जी आज्ञा आम्ही प्रत्येक प्रोग्रामच्या सुरुवातीला लिहायचो, ती फोनला ओळखूच येत नाही. लॅबमधल्या टर्बो सी प्लस प्लसच्या निळ्या पडद्यावर मात्र तोच प्रोग्राम निमूट चालत होता.

मी त्याला म्हणालो, "परीक्षेत असंच लिही."

उत्तर खरं होतं. बाहेरून येणारे परीक्षक तेच बघणार होते, पुस्तकातही तेच छापलेलं होतं. पण त्या उत्तराची लाज मला अजून वाटते.

टर्बो सी प्लस प्लस हे बोरलँड कंपनीचं १९९०च्या दशकाच्या सुरुवातीचं सॉफ्टवेअर. सी प्लस प्लस या भाषेचं पहिलं आंतरराष्ट्रीय मानक ठरलं १९९८ साली. म्हणजे आम्ही २०१६ मध्ये जी भाषा शिकवत होतो, ती मानक ठरण्याच्याही आधीची होती. पुढे ६४ बिटचं विंडोज आलं. त्यावर १६ बिटचे जुने प्रोग्राम चालतच नाहीत. तेव्हा आम्ही मास्तर मंडळींनी काय केलं? डॉसबॉक्स नावाचं आणखी एक सॉफ्टवेअर शोधलं, जे नव्या संगणकाच्या पोटात जुना संगणक उभा करतं. त्यात टर्बो बसवलं. त्या वर्षांत माझ्या ओळखीतले बहुतेक जण आपणहून जे एक नवं कौशल्य शिकले, ते जुनं जिवंत कसं ठेवायचं याचं होतं.

मग मला प्रश्न पडला, की मला नवं कोण शिकवणार होतं? कुणावर तरी ती जबाबदारी असेलच ना? त्याचं उत्तर शोधताना मी आमच्या भागाच्या इतिहासात शिरलो.

औरंगाबादचे तीन आठवडे

शिकलेलं सगळं बाजूला ठेवून नव्याने शिकवायला उभं राहणं मराठवाड्यातल्या मास्तरांना नवं नाही. निजामाच्या राज्यात उच्च शिक्षण म्हणजे हैदराबादचं उस्मानिया विद्यापीठ, आणि तिथलं माध्यम उर्दू. १७ सप्टेंबर १९४८ला हैदराबाद संस्थान भारतात आलं आणि बघता बघता माध्यम बदललं. उर्दूत शिकलेल्या माणसांना मराठीत आणि इंग्रजीत शिकवावं लागलं. २३ ऑगस्ट १९५८ला औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं, तेव्हा कुठे हा भाग आपल्या विद्यापीठाखाली आला.

कॉलेजच्या प्राध्यापकांना नोकरीत असताना पुन्हा शिकवायची देशव्यापी व्यवस्था आली ती त्यानंतर तीसेक वर्षांनी. १९८६च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने १९८७ पासून ठिकठिकाणच्या विद्यापीठांत 'ॲकॅडमिक स्टाफ कॉलेज' उघडायला सुरुवात केली. नव्या प्राध्यापकासाठी चार आठवड्यांचं ओरिएंटेशन, जुन्यासाठी तीन आठवड्यांचा रिफ्रेशर. नांदेड-लातूरच्या प्राध्यापकांना जवळचं केंद्र औरंगाबादला. आठवडे पूर्ण केले की प्रमाणपत्र, आणि प्रमाणपत्र असेल तरच वरची वेतनश्रेणी. आमच्याकडे याला 'कॅस' म्हणतात आणि तो शब्द स्टाफरूममध्ये दिवसातून दहा वेळा ऐकू येतो.

तंत्रशिक्षणाची वाट वेगळी होती. नांदेडला विष्णुपुरीत श्री गुरु गोविंदसिंहजी अभियांत्रिकी महाविद्यालय १९८१ साली सुरू झालं. अभियांत्रिकी आणि पॉलिटेक्निकच्या शिक्षकांसाठी केंद्र सरकारने १९६०च्या दशकात चार प्रशिक्षण संस्था काढल्या होत्या. त्यातली आपल्या वाट्याची भोपाळला.

या दोन्ही व्यवस्थांमागे एक गृहीत होतं. शिकणारा शिक्षक कायम नोकरीत आहे, त्याला पगारी रजा मिळते, त्याची सेवापुस्तिका आहे आणि चढायला शिडी आहे. १९८७ साली ते बहुतांशी खरंही होतं.

बोट धरून माउस

१७ सप्टेंबर १९९४ला, मुक्तिदिनी, नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालं. किल्लारीच्या भूकंपाला तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. पहिले कुलगुरू झाले डॉ. जनार्दन वाघमारे. ते त्याआधी लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयाचे संस्थापक प्राचार्य होते. नांदेड आणि लातूर या दोन शहरांना जोडणारा हा धागा पुढे लागणार आहे, म्हणून लक्षात ठेवा.

संगणक आमच्या भागात घरोघर पोचला तो विद्यापीठातून नाही, तालुक्याच्या बाजारपेठेतल्या गाळ्यांमधून. २००१ साली राज्य सरकार आणि राज्यातली विद्यापीठं यांच्या भागभांडवलातून महाराष्ट्र ज्ञान महामंडळ, म्हणजे एमकेसीएल, उभं राहिलं आणि एमएस-सीआयटी आलं. त्याच्या पाट्या उदगीरपासून किनवटपर्यंत लागल्या. पुढे सरकारी नोकरांना संगणकाची परीक्षा बंधनकारक झाली. पास न झाल्यास वेतनवाढ थांबणार होती.

तेव्हा एक दृश्य गावोगाव दिसायचं. वीस-बावीस वर्षांचा पोरगा इन्स्ट्रक्टर, आणि समोर त्याला शाळेत शिकवलेले गुरुजी. पोरगा उभा, गुरुजी बसलेले. "सर, डबल क्लिक करा. नाही सर, दोन्ही क्लिक लवकर." गुरुजींचा हात थरथरायचा, पोरगा संकोचाने त्यांच्या बोटावर बोट ठेवून माउस हलवायचा. मी शाळकरी होतो, वडिलांना सोडायला जायचो, तेव्हा हे पाहिलंय. त्यात मान जायचा नाही कुणाचा. पण शिकवणारा आणि शिकणारा यांची जागा बदलू शकते हे त्या गाळ्यांत सगळ्या गावाने पाहिलं.

मात्र ती परीक्षा एकदाच पास व्हायची होती. पाटीपेन्सिलीसारखा संगणकही एकदा शिकला की झालं, अशी समजूत त्यातून रुजली.

शिडीबाहेरची माणसं

याच काळात बी.सी.ए., बी.सी.एस., बी.एस्सी. संगणकशास्त्र असे अभ्यासक्रम कॉलेजांत भराभर सुरू झाले. आयटीतल्या नोकऱ्यांची हवा होती, मुलं पुण्याची स्वप्नं बघत होती. पण हे अभ्यासक्रम बहुतेक विनाअनुदानित. इतिहासाच्या, मराठीच्या, वाणिज्याच्या प्राध्यापकाला कायम पद, आणि संगणकाच्या वर्गावर तासिका तत्त्वावरचा माणूस. तासांवर मोजलेलं मानधन, परीक्षा संपल्या की खंड, जूनमध्ये पुन्हा मुलाखत.

इथे सगळी व्यवस्था उलटी पडली. जो विषय पाच वर्षांत बदलतो, तो शिकवणाऱ्याला प्रशिक्षणाची रजा नाही. तीन आठवडे औरंगाबादला गेलो तर तीन आठवड्यांचं मानधन बुडणार, आणि प्रमाणपत्राने वाढायला वेतनश्रेणीच नाही. संगणक वापरायचं प्रशिक्षण घेतलेले कायम प्राध्यापक मी पाहिलेत, आणि त्यांना मी नावं ठेवत नाही. पण संगणक शिकवणारा माणूस त्या वेळी लॅबमध्ये डॉसबॉक्स बसवत होता.

लातूरला बदलता येतं, पण...

कुणी म्हणेल, मागास भाग, मास्तरांना बदलायची सवयच नाही. हे मला मान्य नाही, आणि पुरावा लातूरच देतं.

डॉ. वाघमारे आणि त्यांच्यानंतरचे प्राचार्य अनिरुद्ध जाधव यांच्या काळात शाहू महाविद्यालयात जे घडलं, त्याला पुढे 'लातूर पॅटर्न' म्हणू लागले. जादा तास, सततच्या सराव परीक्षा, शिक्षकांनी स्वतः काढलेल्या प्रश्नपत्रिका. बोर्डाच्या गुणवत्ता याद्यांत लातूरची नावं झळकू लागली. घोकंपट्टी म्हणून त्यावर टीकाही झाली, ती चूक नव्हती. पण २०१६ला सर्वोच्च न्यायालयाने मेडिकलच्या प्रवेशासाठी 'नीट' सक्तीची केली आणि पुढच्या वर्षीपासून ती महाराष्ट्रात पूर्णपणे लागू झाली, तेव्हा काय झालं ते पाहा. राज्य बोर्डाच्या पुस्तकांवर वीस वर्षं शिकवलेल्या जीवशास्त्राच्या, भौतिकशास्त्राच्या मास्तरांनी एनसीईआरटीची पुस्तकं एका हंगामात पचवली. कुठलं शासकीय प्रशिक्षण झालं त्यासाठी? मागे परीक्षा होती, पालक होते, आणि शिकवणाऱ्याच्या मेहनतीला पैसे होते.

त्याच कनिष्ठ महाविद्यालयांत अकरावी-बारावीला संगणकशास्त्र हा बायफोकल विषय असतो. त्यात मुलं ८०८५ मायक्रोप्रोसेसर शिकायची, म्हणजे इंटेलची १९७६ची चिप. विषय गुण मिळवून देणारा म्हणून प्रसिद्ध. ते गुण कुठल्या प्रवेश परीक्षेत तपासले जात नव्हते, म्हणून तो बदलायची घाई कुणालाच नव्हती.

दहा मिनिटांचा मास्तर

तरी काही चांगलं झालं, आणि ते नोंदवलं पाहिजे. २००९ साली केंद्र सरकारने माहिती-तंत्रज्ञानातून शिक्षणाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. तिच्या पैशावर आयआयटी मुंबईने प्रा. दीपक फाटक यांच्या पुढाकाराने एकाच वेळी हजार शिक्षकांना शिकवायचा प्रयोग केला. पुढे आकडा दहा हजारांवर गेला. शिक्षकांनी पवईला जायचं नाही. जवळच्या अभियांत्रिकी कॉलेजात बसायचं, व्याख्यान पडद्यावर थेट, शंका तिथूनच विचारायच्या आणि दुपारी लॅबमध्ये हात चालवायचे. तिथले समन्वयक आधी मुंबईत तयार झालेले असत.

माझ्यासारख्याला जास्त उपयोगी पडलं ते तिथलंच प्रा. कण्णन मौद्गल्य यांचं 'स्पोकन ट्युटोरियल'. साधारण दहा मिनिटांची चित्रफीत, पडद्यावर इंग्रजी, आवाज मराठी. पद्धत एवढीच, की अर्ध्या पडद्यावर चित्रफीत आणि उरलेल्या अर्ध्यावर आपण तेच करून बघायचं. त्याला रजा लागत नाही, शिफारसपत्र लागत नाही. लिनक्सवर सी प्लस प्लस कसं चालतं, 'इंट मेन' का लिहायचं, हे मी २०१६च्या उन्हाळ्यात, खंडाच्या काळात, लातूरच्या भाड्याच्या खोलीत त्या मराठी आवाजाकडून शिकलो. तो मुलगा मोबाईल घेऊन आला नसता तर शिकलो नसतो.

जूनमध्ये पुन्हा नेमणूक मिळाली. तेव्हापासून मी फळ्याचे दोन भाग करू लागलो. डावीकडे 'परीक्षेसाठी', उजवीकडे 'बाहेरसाठी'. मुलं दोन्ही उतरवून घ्यायची. वेळ दुप्पट जायचा, मानधन एकाच तासाचं. एका परीक्षकांनी उजवीकडचं उत्तर लिहिलेल्या मुलीला विचारलं, "हे कुठल्या पुस्तकातलं?" तिने निळा पडदा बंद करून लिनक्सवर प्रोग्राम चालवून दाखवला. त्यांनी पूर्ण गुण दिले आणि जाताना माझ्याकडून त्या चित्रफितींचा पत्ता मागून घेतला. त्यांनाही कुणी सांगितलं नव्हतं.

प्रमाणपत्रांचा पाऊस

२०१७ला 'स्वयम्' आलं, २०१८ला त्यावर प्राध्यापकांसाठी 'अर्पित' नावाचे ऑनलाइन रिफ्रेशर आले. मग मार्च २०२०. ज्या स्टाफरूमला प्रोजेक्टर लावायला शिपाई लागायचा, ती पंधरा दिवसांत झूम आणि गुगल क्लासरूम शिकली, बहुतेक जण घरातल्या पोराबाळांकडून. त्या वर्षी वेबिनारच्या प्रमाणपत्रांचा एवढा पाऊस पडला की मोबाईलची मेमरी भरली. ॲकॅडमिक स्टाफ कॉलेजांचं नाव त्याआधीच मनुष्यबळ विकास केंद्र झालं होतं, मग २०२३ला ते मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण केंद्र झालं. पाट्या बदलल्या. तासिकेवाल्याच्या मानधनाचा कागद तसाच राहिला.

एवढं सगळं चाळून मला एकच गोष्ट दिसते. मास्तरला नवं शिकवायचं तर चित्रफीत आहे, आयआयटी आहे, मराठी आवाजही आहे. पण त्याला शिकायला वेळ कोण देणार, त्या वेळेचे पैसे कोण देणार आणि तो नवं शिकून आला की अभ्यासक्रम, लॅब आणि परीक्षक त्याच्यासोबत बदलणार का, हे प्रश्न १९८७ पासून संगणकाच्या वर्गापुरते कुणी हातातच घेतलेले नाहीत. प्रशिक्षण देऊन माणूस जुन्याच लॅबमध्ये परत पाठवला, तर तो पुन्हा डॉसबॉक्स बसवतो.

आमच्या लॅबमधला निळा पडदा आता गेलाय. अभ्यासक्रमात पायथन आलंय. गेल्या वर्षी कृत्रिम बुद्धिमत्तेवर दोन दिवसांची कार्यशाळा झाली, प्रमाणपत्र मिळालं. दुसऱ्याच आठवड्यात एक मुलगी मोबाईल घेऊन टेबलाशी आली. माझा प्रोग्राम चॅटजीपीटीने चार ओळींत लिहून दिला होता, आणि तो माझ्याहून बरा होता.

"सर, मग आम्ही शिकायचं काय?"

या वेळी मी "परीक्षेत असंच लिही" म्हणालो नाही. म्हणालो, "बस. त्या चार ओळी का चालतात ते दोघं मिळून बघू." दीड तास गेला. घड्याळी तासाच्या हिशेबात तो कुठेच धरला गेला नाही.