दगडू, धोंडिबा, राजरत्न

आपल्या शिबिरांतून आणि व्याख्यानांतून एक विधान नेहमी केले जाते. दगडू, धोंडिबा, केरबा, कचरू, उकिरडा, भिका ही आपल्या पूर्वजांची नावे मनूने लादली, असे ते विधान. त्याला आधारही दाखवला जातो. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात नामकरणाचा नियम आहे. ब्राह्मणाचे नाव मंगलवाचक असावे, क्षत्रियाचे बलवाचक, वैश्याचे धनवाचक आणि शूद्राचे निंदावाचक. शूद्राच्या नावाला दास्य सुचवणारी जोड द्यावी, असेही लगेच पुढे सांगितले आहे. पाळण्यातल्या लेकराच्या नावातसुद्धा घृणा ओतण्याची तजवीज करणारा हा ग्रंथ २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जाळला गेला, ते योग्यच झाले. त्याविषयी आपल्यात वाद असण्याचे कारण नाही.

परंतु या नियमाने आपल्या आजोबा-पणजोबांच्या नावांचा उलगडा होतो का, हा प्रश्न इतिहासाचा आहे आणि तो इतिहासाच्या रीतीनेच सोडवला पाहिजे. मला हा उलगडा अपुरा वाटतो. शिवाय तो आपल्याच आज्या-आत्यांवर अन्याय करतो.

पहिली अडचण अशी की ही नावे केवळ आपली नाहीत. स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचणारे महर्षी कर्वे यांचे नाव धोंडो. ते चित्पावन ब्राह्मण. धोंडो म्हणजे धोंडाच. भिकाजी हे नाव कोकणातल्या ब्राह्मण घरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. मनूचा नियम पाळला जात होता म्हणावे, तर त्या घरांत धोंडा आणि भीक कशी शिरली? दुसरी अडचण अधिक मोठी आहे. आमच्या पाळण्याशी पोथी-पंचांग घेऊन कोण येत होते? नाव ठेवत ती आत्या. लेकराच्या कानात नाव सांगणाऱ्या त्या निरक्षर बाईला मनू ठाऊक नव्हता. तिला सटवाई ठाऊक होती.

माझे गाव माकणी. तेरणेकाठचे, आता निम्न तेरणा धरणामुळे ओळखले जाणारे. लोहारा-उमरग्याचा हा भाग कर्नाटकच्या हद्दीला लागून आहे. आमच्या वस्तीतल्या म्हाताऱ्या बायका नावांमागची हकिगत सांगत, तिचा आरंभ बहुधा एखाद्या मरणाने होई. दोन लेकरे गेली, तीन गेली. मग चौथे झाले की ते उकिरड्यावर नेऊन ठेवायचे आणि शेजारणीने ‘सापडले’ म्हणून उचलून आणायचे. त्याचे नाव उकिरडा किंवा केरबा. कोणी लेकरू सुपात घालून पसाभर ज्वारीला विकल्यासारखे करी. कोणी पाच घरी भीक मागून त्या भिकेच्या चिंध्यांचे अंगडे शिवी, तो भिका. मुलाचे नाक टोचून त्याला मुलगी भासवले की तो नथू. मरण दाराशी आले तर त्याला वाटावे की इथे नेण्यासारखे काही नाही, दगड आहे, केर आहे. ही आईची मृत्यूशी केलेली चलाखी होती. देवीची लस नाही, दवाखाना नाही, वर्षातले काही महिने घरात पुरेसे दाणे नाहीत, अशा घरात तिच्या हाती एवढेच एक औषध होते. त्याला अंधश्रद्धा जरूर म्हणावे, मीही म्हणतो. पण तिला मनूची हस्तक म्हणू नये.

मग अपमान कुठे होता? तो नावाच्या शेपटात होता. ब्राह्मणवाड्यातला धोंडो मोठा झाला की धोंडोपंत होई. पाटलाच्या वाड्यातला धोंडिबा धोंडिबाराव किंवा धोंडजी होई. आमचा धोंडिबा सत्तरीला टेकला, नातवंडांचा धनी झाला, तरी वेशीवरचे शेंबडे पोर त्याला ‘ए धोंड्या’ म्हणूनच हाक मारी. नाव तेच, ‘पंत’, ‘राव’, ‘जी’ की ‘या’, एवढ्यात सगळी वर्णव्यवस्था उभी. मनूने जी जोड सांगितली ती संस्कृतात होती. गावाने तिची मराठी केली आणि ती रोज, दिवसातून दहा वेळा, तोंडाने वापरली. पोथीपेक्षा हाकेचा धाक मोठा होता.

देवसुद्धा यातून सुटला नाही. मंगळवेढ्याच्या दामाजीची कथा सर्वांना माहीत आहे. दुष्काळात त्याने बादशाही कोठार रयतेला खुले केले आणि विठ्ठलाने महाराचे रूप घेऊन बीदरच्या दरबारी धान्याचे पैसे भरले. कथेत कारकून तो दामाजीपंत आणि प्रत्यक्ष परब्रह्म तो विठू महार; बोलताना तर विठ्याच. मंगळवेढा आणि बीदर यांच्या मधल्या पट्ट्यातच आमचा मुलूख येतो. कीर्तनात ही कथा रंगली की माणसे डोळे पुसत, पण विठ्याचा विठोपंत कोणी केल्याचे ऐकिवात नाही.

चोखोबांच्या नावाचेही असेच. चोखा म्हणजे शुद्ध, अस्सल; चोख सोने म्हणतो तसे. पण भक्तिपरंपरेने त्या नावामागे एक आख्यायिका जोडली. देवाने म्हाताऱ्या ब्राह्मणाच्या रूपात आंबा मागितला, चोखला, आंबट लागला म्हणून परत दिला, आणि त्या चोखलेल्या आंब्याचे पुढे मूल झाले. सरळ अर्थ हाताशी असताना उष्ट्याची कथा रचावीशी वाटली, यावरून कथा रचणाऱ्या समाजाचे मन कळते.

याच बीदरशी बांधलेली दुसरी एक आख्यायिका आपल्या लोकांनी स्वतः जपली. अमृतनाकाने बादशहाची सेवा केली आणि त्याबदल्यात महारांसाठी बावन्न हक्क मिळवले, अशी ती कथा. इथे नाव पाहा : अमृत, आणि पुढे नाक. १७९५ च्या खर्ड्याच्या लढाईच्या परंपरेत शिदनाक आहे. १ जानेवारी १८१८ च्या लढाईनंतर भीमा कोरेगावला जो स्तंभ उभा राहिला, त्यावर कोरलेल्या नावांत ‘नाक’ने संपणारी कितीतरी नावे आहेत. हे ‘नाक’ काही जण नायकापासून काढतात, काही जण नागांपासून. व्युत्पत्ती काहीही असो, ती पदवी होती. जातीची खूणही होती आणि जातीचा मानही. गोऱ्या साहेबाच्या लष्कराने ती दगडावर कोरली, गावाने मात्र बोलताना गाळली. पुढे लष्करी घरांत ‘जी’ रुळलेला दिसतो. बाबासाहेबांचे आजोबा मालोजी, वडील सुभेदार रामजी.

शाळेच्या रजिस्टराने यात एक नवी गोष्ट आणली. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत एका मुलाचे नाव दाखल झाले : भिवा रामजी आंबेडकर. २०१७ पासून महाराष्ट्रात तो दिवस विद्यार्थी दिन म्हणून पाळला जातो. घराण्याचे आडनाव सकपाळ, मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातले आंबडवे, आणि हाकेचे नाव भिवा. भिवाचा पुढे भीमराव झाला. हा ‘राव’ कोणी बहाल केलेला नव्हता.

पण नावांच्या इतिहासात मला त्याहून मोलाची वाटते ती गोष्ट राजगृहाच्याही आधीची, परळच्या चाळीतली. रमाबाई आणि बाबासाहेबांची यशवंतखेरीज चारही मुले लहानपणीच गेली : गंगाधर, रमेश, इंदू आणि शेवटचा राजरत्न. लेकरामागून लेकरू जात होते. रूढीप्रमाणे शेवटच्याचे नाव दगडू ठेवायला हवे होते. त्या घरात ते ठेवले असते तर कोणी नवल केले नसते. ठेवले गेले ते राजरत्न. मरणाशी चलाखी करण्याचे नाकारून, वैभवाचे नाव उघडपणे उच्चारले गेले. राजरत्नही १९२६ साली गेला. म्हणून काही ते नाव चुकले नाही. दगडू नाव ठेवूनही लाखो लेकरे गेलीच होती. त्यांना वाचवायला नाव बदलून चालणार नव्हते.

१४ ऑक्टोबर १९५६ नंतर आपल्या वस्त्यांत जी नावे आली, ती या राजरत्नाच्या वाटेने आली असे मी मानतो. सिद्धार्थ, गौतम, राहुल, मिलिंद, अशोक, सुजाता, विशाखा, संघमित्रा. मिलिंद हे नाव मराठवाड्यात रुजायला १९५० साली औरंगाबादला सुरू झालेल्या महाविद्यालयाचाही हातभार लागला. नागसेनाला प्रश्न विचारणाऱ्या राजाचे ते नाव; शेतमजुराच्या पोराला ते शोभते, कारण प्रश्न विचारणे हीच त्याची कमाई. राहुलचे मात्र जरा गमतीचे आहे. परंपरा त्या नावाचा अर्थ बंधन असा सांगते. गृहत्यागाच्या विचारात असलेल्या बापाच्या मनातली गोष्ट. आपल्या लोकांनी तो अर्थ बाजूला सारला आणि बुद्धाचा लेक एवढेच लक्षात ठेवले. आज सवर्ण घरांतही राहुल, गौतम, सिद्धार्थ आहेत. त्यामुळे हजेरी घेताना नावावरून जात कळत नाही आणि मग नजर आडनावाकडे वळते. गायकवाड, पवार, जाधव, शिंदे असले तर नजर गोंधळते. मग गाव विचारले जाते, मग गावातली आळी.

सरकारी कागदाने तर आपल्याला बराच काळ दोन ठिकाणी उभे केले. राज्य सरकारने काही सवलती दिल्या होत्या. परंतु केंद्राच्या अनुसूचित जातींमध्ये बौद्धांचा समावेश व्हायला १९९० साल उजाडावे लागले. तोवर मुलाचे नाव सिद्धार्थ आणि पुढच्या रकान्यात हिंदू-महार, असे कितीतरी दाखले निघाले. नाव नवे, रकाना जुना.

१९७८ साल या दृष्टीने मला विलक्षण वाटते. त्या वर्षी ‘बलुतं’ प्रसिद्ध झाले. दया पवारांचे मूळ नाव दगडू मारुती पवार; त्या पुस्तकात दगडू आपली हकिगत दया पवारला सांगतो. एकाच माणसाची दोन नावे समोरासमोर बसली. आणि त्याच वर्षी, २७ जुलैला, मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने केला आणि मराठवाडा पेटला. नांदेड जिल्ह्यात पोचीराम कांबळे मारले गेले. पोचीराम हे नाव तेलंगणातल्या पोचम्मा या ग्रामदेवतेशी नाते सांगणारे दिसते. आमच्या सीमाभागात अशी नावे पुष्कळ आहेत. ‘आठवणींचे पक्षी’चे लेखक प्रल्हाद ईरण्णा सोनकांबळे यांच्या वडिलांच्या नावात कन्नड वीरण्णा आहे. यल्लप्पा, पिराजी, फकिरा, अंबादास, खंडू : देवी, पीर, खंडोबा, ज्याने नवस ऐकला त्याचे नाव. ग्रामदेवतेचे नाव घेऊन जन्मलेला माणूस विद्यापीठाच्या नावासाठी मेला. नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ रोजी. पुढे २०२३ साली उस्मानाबादचे धाराशिव आणि औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले. जातिवाचक वस्त्यांची नावे बदलण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने त्याआधी, डिसेंबर २०२० मध्ये घेतला होता. पाटी बदलली तरी बोलीतला महारवाडा अजून हलायचा आहे.

मुलींच्या नावांचा इतिहास याहून वेगळा, आणि आपण तो जवळजवळ लिहिलेलाच नाही. मुलाचे वाईट नाव त्याने राहावे म्हणून असे. मुलीचे नकोशी, नकुसा हे नाव ती नको म्हणून असे. ऑक्टोबर २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात अशा २८५ मुलींना समारंभपूर्वक नवी नावे दिली गेली. इथे जातीची भिंत नव्हती. सर्व जातींनी मिळून हे पाप केले. लग्नात सुनेचे नाव बदलण्याची रीतही आपल्या घरांनी सोडली नाही. माईसाहेब मूळच्या शारदा कबीर, १९४८ च्या विवाहानंतर सविता झाल्या. बाबासाहेब मात्र त्यांना शारू म्हणत राहिले. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्यांच्या कागदपत्रांत आईचे नाव लावणे राज्य सरकारने सक्तीचे केले आहे. आईचे, म्हणजे तिच्या लग्नानंतरचे की आधीचे, हा प्रश्न उरतोच.

दरवर्षी प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांना मी घरातल्या चार पिढ्यांची नावे आणि त्यामागची हकिगत लिहून आणायला सांगतो. काही मुले आजोबांचे दगडू खोडून दगडूराव करून आणतात, काही तेवढे नाव गाळतात. राजपत्रात बापाचेच नाव बदलून घ्यावे का, असेही एकाने विचारले. मी त्याला ती सुपाची आणि ज्वारीची हकिगत आजीकडून लिहून आणायला सांगितली; ती चार पाने भरली. पुरुषांचे रकाने असे या ना त्या रीतीने भरतात. आजीचे माहेरचे नाव या रकान्यात बहुतेक कागदांवर रेघ मारलेली असते, आणि विचारले तर मुले सांगतात की आजी हयात आहे.